समुद्रलिली, आवक क्रमांक शहाण्णव

पहिला दगड घरात आला तो जेवणाच्या डब्यातून. अगदी खालच्या पुडात, रुमालात गुंडाळलेला. कचेरीच्या सहलीहून परत आलेला डबा वहिनींना जड लागला तेव्हा त्या क्षणभर हरखल्या. कारण सहलीला गेलेल्या नवऱ्याने बायकोसाठी काही आणलं, असं त्या घरात तोवर घडलेलं नव्हतं. झाकण काढलं तर आत मुठीएवढा करडा दगड.

"हे काय?"

"बटणं," आवकराव म्हणाले.

आवकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत आवक विभागाच्या टेबलामागे ते एकतीस वर्षं बसलेले. बाहेरून जो कागद येईल त्याच्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, नोंदवहीत चढवायचा आणि ठरलेल्या कपाटात ढकलायचा. त्यापुढे कागदाचं काय होतं याची चौकशी करायची नाही, हा त्या टेबलाचा शिरस्ता. एकतीस वर्षांत कचेरीने साहेब बदलले, पंखे बदलले, दोनदा इमारत बदलली. आवकराव बदलले नाहीत. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपण तरी वेगळं कशाला म्हणा?

तर दगडावर खरोखरच बटणं होती. वाटोळी, चपटी, मधे भोक आणि कडेने बारीक रेघा, थेट कोटाच्या बटणांसारखी. जेवणानंतर मंडळी पत्ते कुटत बसली तेव्हा आवकराव पाय मोकळे करायला जुन्या खाणीच्या बाजूला गेले आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण पडलंय असं वाटून ते उचलायला वाकले. बटण निघेना. नखाने उकरलं तर नख तुटलं. बटण दगडाचं होतं आणि दगडातच होतं, हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

उलगडा केला तो पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने. त्याच्या वेटिंग रूममधली मासिकं जवळजवळ जीवाश्मांइतकीच जुनी असतात, त्यातल्याच एकात त्याने वाचलं होतं. तो म्हणाला, "काका, ही समुद्रलिली. तिच्या देठाचे तुकडे आहेत हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता."

"इथे?" आवकरावांनी खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं. समुद्र तिथून गाडीने दीड दिवसाच्या वाटेवर. आणि आवकराव ज्या खात्यात होते त्याला त्या गावात पाणी एक दिवसाआड सोडताना नाकी नऊ येत होते.

वहिनींना समुद्राचं काही वाटलं नाही, त्या लिलीवर अडल्या. "फूल?"

"फूल नाही गं, प्राणी," आवकरावांनी डॉक्टरकडून ऐकलेलं पुढे सांगितलं. "नुसता दिसतो फुलासारखा. खाली देठ, वर पाकळ्यांसारखे हात. त्या हातांनी येईल ते पकडून खायचं. जागचं हलायचं नाही."

"म्हणजे तुमच्या कचेरीसारखंच," वहिनी म्हणाल्या आणि डबा पुन्हा घासायला घेतला.

इथे थांबलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण त्या मासिकात शेवटी एक चौकट होती. कुठल्याशा संग्रहालयातल्या एका जीवाश्माचा फोटो, आणि त्याखाली छापलं होतं, 'संग्राहक' आणि पुढे एका पोस्टमास्तरचं नाव. चांगलं ठसठशीत. आवकरावांनी ते नाव तीनदा वाचलं. पोस्टमास्तर! म्हणजे कागद इकडून तिकडे करणाराच माणूस.

आता हे समजून घ्यायला हवं की आवकरावांचं नाव जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. कचेरीतल्या फळ्यावर फक्त अधिकाऱ्यांची नावं. इमारतीच्या दारातल्या पाटीवर त्यांच्या घरापुढे अजून आधीच्या मालकाचं नाव होतं; ते बदलावं म्हणून त्यांनी चार अर्ज केले होते आणि चारही अर्जांची पोच त्यांच्याकडे होती. उलट त्यांचे साडू. वाचनालयाच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर साडूंचं नाव होतं. पंखा बंद असेपर्यंत माणूस वाचनालयात दुसरं काही वाचूच शकत नसे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकदा, कुठेतरी, एका छोट्याशा कार्डावर का होईना, आपलं नाव छापून यावं, एवढी एकच इच्छा आवकरावांना झाली. आणि साध्या माणसाला एकच इच्छा झाली की ती घरच्यांना फार महागात जाते.

दर रविवारी स्कूटर निघू लागली. पुढे आवकराव, मागे वहिनी, मधे छिन्नी-हातोड्याची पिशवी. वहिनींना दगडांची हौस नव्हती. पण "एकटे गेलात तर दगड घरी येतील, तुम्ही यायचे नाहीत," असं म्हणून त्या छत्री घेऊन निघत. जुनी खाण झाली, रस्त्यासाठी फोडलेल्या टेकड्या झाल्या, कोरडे ओढे झाले. आवकराव दगड फोडत आणि वहिनी उन्हात उभ्या राहून, आपण आलो ही चूक झाली असं त्यांना सांगत. येताना स्कूटरचं चाक बसलेलं असे आणि दोघांपैकी एक तरी बोलत नसे.

घरी आलेला प्रत्येक दगड रीतसर दाखल होई. आवकरावांनी चांगली जाडजूड, लाल रेघांची नोंदवही घातली होती. आवक क्रमांक, दिनांक, वेळ, वर्णन, वजन, कपाट, खण, शेरा आणि सही. दगडाच्या पोटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक अक्षरात क्रमांक. पहिल्या सहा महिन्यांतच शिंपले, शंख, समुद्रलिलीचे देठ असे मिळून शंभरावर नग दाखल झाले. नोंदवहीत एक खाडाखोड नव्हती. ती पाहून डॉक्टर म्हणाला, "काका, माझ्या पेशंटांचे कागद इतके नीट असते तर मी चुकीचा दात काढलाच नसता." कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही.

हा डॉक्टर उत्साही. दगड साफ करायला त्याने आपली जुनी हत्यारं दिली आणि दुपारी पेशंट नसले की तो स्वतःच वर येऊन बसे. समोर शिंपला, हातात आकडा, आणि सवयीने तोंडातून निघे, "जरा मोठा आ करा." एकदा तर काम झाल्यावर त्याने दगडाला चूळ भरायला पेला दिला. आवकरावांनी तो पेला मुकाट्याने बाजूला ठेवला. शास्त्राच्या कामात माणसांच्या सवयी सांभाळून घ्याव्याच लागतात.

खालच्या मजल्यावरचे पूलवाले मात्र सांभाळून घेणाऱ्यातले नव्हते. ते आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले. घरात बसल्यापासून त्यांना जिथे तिथे पूलच दिसे. आपल्या डोक्यावर कपाटभर दगड साठतायत हे कळताच ते वजनकाटा घेऊन हजर झाले. न्हाणीघरातला, माणसं वजन करतात तो. दोन दिवस ते एकेक दगड काट्यावर ठेवत होते आणि कागदावर आकडे मांडत होते.

"तुमचा स्लॅब आज पडणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग झालं की," आवकराव म्हणाले.

"मी आज म्हणालो."

मग त्यांनी नकाशा काढला. दगड एका जागी नकोत, तुळयांच्या रेषेत हवेत. त्याप्रमाणे दगड भिंतींच्या कडेने, पलंगाखाली, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली असे वाटले गेले. वहिनींना चहा करायला जाताना तीन शंख आणि एक देठ ओलांडावा लागे. सेक्रेटरींनी 'सदनिकेत खनिज साठवणुकीबाबत' अशी नोटीस लावली. तेव्हा पूलवाल्यांनीच तोडगा काढला, की सगळ्यात जड असे चाळीस दगड खाली मीटरच्या खोलीत न्यायचे. लिफ्टची क्षमता त्यांनी पाठ म्हणून दाखवली, दगडांची बेरीज केली, चार पोती आत ठेवली आणि स्वतः देखरेखीला आत उभे राहिले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे येऊन बसली. दगडांचं वजन त्यांनी बिनचूक धरलं होतं, स्वतःचं मात्र निवृत्तीच्या दिवशीचं धरलं होतं. मेकॅनिक येईपर्यंत पन्नास मिनिटं ते आतून ओरडून हिशेब बरोबर असल्याचं सांगत होते. बाहेर जिन्यात सगळी इमारत जमली होती आणि आवकरावांकडे असं बघत होती, की त्यांना वाटलं, पोत्यात आपणच असतो तर बरं झालं असतं.

पण या सगळ्यावर उतारा म्हणून त्यांच्याकडे शहाण्णव नंबर होता. दुसऱ्या खणात मऊ फडक्यावर ठेवलेला. तळहाताएवढी पातळ शिळा, आणि तिच्यावर अख्खी समुद्रलिली. देठ, देठाच्या टोकाला कळीसारखं डोकं आणि त्यातून वर निघालेले हात, एकेक हात केसासारख्या बारीक फाट्यांसकट. पाण्यात मान किंचित कलती करून उभी असावी तशी. नोंदवहीत लिहिलं होतं : '०९६. रविवार. दु. १२.४०. समुद्रलिली, पूर्ण. कपाट दोन, खण दोन. शेरा : उत्तम.' एकतीस वर्षांत आवकरावांनी शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' हा शब्द दुसऱ्यांदा लिहिला नव्हता.

शहराच्या संग्रहालयात प्राचीन समुद्राचं नवं दालन निघतंय अशी बातमी आली आणि आवकरावांनी पत्र धाडलं. उत्तर नाही. दुसरं धाडलं. उत्तर नाही. तेव्हा ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वतः गेले, तर कळलं की दोन्ही पत्रं तिथे पोचली होती पण कुठे चढवलेलीच नव्हती. आवक टेबलावरच्या गृहस्थाने ती खिडकी वाजू नये म्हणून फटीत घातली होती. आवकराव रागावले नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्याच धंद्यातल्या माणसाने असं करावं! त्यांनी त्या गृहस्थाच्या शेजारी खुर्ची ओढली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला नोंदवही कशी घालतात ते शिकवलं. मग त्यांना फॉर्म मिळाला. फॉर्म भांडी, नाणी आणि तलवारी देणाऱ्यांसाठी छापलेला होता. 'वस्तू कोणी बनविली?' 'वस्तू वापरात होती काय? असल्यास केव्हापर्यंत?' 'पूर्वीच्या मालकाची संमती जोडली आहे काय?' आवकरावांनी प्रत्येक रकान्यात प्रामाणिक उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'पूर्वीचा मालक समुद्र. सध्याचा पत्ता उपलब्ध नाही.'

त्या उत्तरामुळेच की काय, दालनाच्या प्रमुख मॅडम स्वतः घरी आल्या. पूलवाले त्या दिवशी मुद्दाम वर येऊन तुळईच्या रेषेत उभे राहिले. मॅडम पलंगाखाली वाकल्या, ओट्याखाली वाकल्या, भिंतीच्या कडेने बसत बसत सगळं घर फिरल्या. शहाण्णव नंबर समोर आल्यावर मात्र त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि लिलीचा एकेक हात मोजू लागल्या.

"दालनाच्या मधोमध हीच ठेवते," त्या म्हणाल्या. "खाली कार्ड, कार्डावर तुमचं नाव. बाकीचेही पुष्कळ घेऊ. नोंदी आहेत?"

आवकरावांना आयुष्यात याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी नोंदवही दोन्ही हातांनी पुढे केली. मॅडमनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. "वा! वेळसुद्धा?" मग त्यांनी पान उलटसुलट केलं. "आणि ठिकाण?"

"आहे की. कपाट दोन, खण दोन."

"ते नाही. सापडलं ते ठिकाण."

आवकरावांनी नोंदवही हातात घेतली, जणू तो रकाना मधल्या वेळात उगवला असेल. रकाना नव्हता. कुठून असणार? एकतीस वर्षं त्यांच्या टेबलावर कागद येत होता आणि तो आला त्या घडीला त्याचा जन्म होत होता. कुठून आला ते पाकिटावर असे, आणि पाकीट टोपलीत जाई. त्यांनी डोंगराचं पाकीट टोपलीत टाकलं होतं. दोनशे बारा वेळा.

मॅडमनी हळू आवाजात समजावून सांगितलं. कुठल्या टेकडीत, कुठल्या थरात सापडला हे माहीत नसेल तर जीवाश्माची ओळखच पुसली जाते. तो मग नुसता शोभेचा दगड. असा दगड दालनात ठेवता येत नाही, नियमच आहे. "आठवून बघा. कार्डं शुक्रवारी छापायला जातील. पाच दिवस आहेत."

आवकरावांनी आठवून पाहिलं. सोमवारी पाहिलं, मंगळवारी पाहिलं. सगळ्या टेकड्या सारख्या, सगळे ओढे सारखे. त्यांना घड्याळाचे आकडे तेवढे आठवत. कचेरीत त्यांनी एका पत्रावर दोनदा शिक्का मारला आणि शिपायाने ते सगळ्यांना नेऊन दाखवलं. घरी ते जेवताना ताटाकडे बघत बसत. डॉक्टर म्हणाला, "कुठल्याही टेकडीचं नाव घाला, कोण बघतंय?" आवकरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हत्यारं गोळा करून खाली गेला. खोटी नोंद! नाव छापून येण्यासाठी ते पुष्कळ काही करायला तयार होते, पण नोंदवहीत खोटं लिहिणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी वहिनींना राहवेना. त्यांनी पलंगाखालचा एक दगड ओढला. "याचंच का एवढं? हा तर टायरवाल्याच्या दुकानापुढच्या वळणावरचा."

"तुला कसं माहीत?"

"तिथे तुम्ही त्या टायरवाल्याला सांगितलंत, हिला डावं-उजवं कळत नाही म्हणून. परक्या माणसासमोर. फाट्यापासून दोन किलोमीटर, रस्ता फोडलाय तिथे, खालून दुसरा पट्टा."

आवकरावांनी दुसरा दगड पुढे केला.

"जुन्या खाणीची मागची बाजू. मी प्यायला पाणी मागितलं तर तुम्ही म्हणालात, थांब, दगड धुवायला लागेल."

"हा?"

"रेल्वेच्या फाटकाजवळची टेकडी. विसरेन होय मी? मला तिथेच टाकून निघून गेलात. अकरा मिनिटांनी परत आलात."

"अगं, मागच्या सीटवर दगड होता. वजन लागत होतं, म्हणून मला वाटलं तू..."

"हो, हेच म्हणाला होतात. म्हणजे मी आणि दगड एकच! तेव्हा मी त्या टेकडीचा दगड न् दगड मोजत बसले होते, दुसरं करणार काय? वरून तिसरा थर, पिवळट मातीच्या खाली."

आवकराव धावत जाऊन पेन घेऊन आले. नोंदवहीत समासाच्या बाजूला त्यांनी एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं : 'सापडल्याचे ठिकाण'. मग जे सुरू झालं ते त्या घरात पुन्हा होणे नाही. वहिनी एकेक दगड हातात घेत आणि त्या दगडाच्या दिवशीचा अपमान सांगत. आणि अपमानाला धरून ठिकाण येई, वळण येई, झाड येई, थर येई. एकेचाळीस फेऱ्या, जवळपास तितकीच भांडणं, त्यातलं एकही पुसट झालेलं नव्हतं. पवनचक्कीखाली त्यांनी वहिनींच्या माहेरच्यांना एकजात हट्टी म्हटलं होतं. पुलाजवळच्या ओढ्यात त्यांची छत्री दगड उकरायला वापरली होती. आवकराव माना डोलावत लिहीत गेले. आणि नोंद अपुरी ठेवायची सवय नसल्यामुळे शेऱ्याच्या रकान्यातही भर घालत गेले : 'सदर प्रसंगी पत्नीस फाटकापाशी विसरण्यात आले. चूक मान्य.' 'छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. दिलगिरी.' असं सगळं लेखी झालेलं पाहून वहिनींचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. गुरुवारी सकाळी तीन ठिकाणं मॅडमना फोनवर कळवली. त्या स्वतः तिन्ही ठिकाणी जाऊन आल्या आणि दुपारी त्यांचा फोन आला. तिन्हीकडे सांगितला तोच थर, तसेच शिंपले. "अशा नोंदी मी उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "सर, तुमची पद्धत काय आहे?"

आवकराव म्हणाले, "माझी नाही. हिची आहे," आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी एकच दगड उरला. शहाण्णव.

वहिनींनी तो दोन्ही हातांत घेतला. कपाळाला आठ्या घालून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "नाही आठवत."

"असं कसं? भांडण कसलं झालं होतं ते आठव."

"तेच तर शोधतेय." त्यांनी शिळा फडक्यावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी आपण भांडलोच नसू."

आवकरावांनी पेनाला टोपण लावलं. एकेचाळीसमधल्या एकाच फेरीला ते बायकोशी नीट वागले होते, आणि नेमकी तीच मुळावर आली होती. या दगडाशिवाय कार्ड नाही. बाकीचे आतल्या कपाटात जातील, पण दालनाच्या मधोमध जाणारा हाच. त्यांनी शिळा हातात घेतली आणि त्या कलत्या मानेकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शेळी."

"कसली शेळी?"

"शेळीने माझ्या कच्च्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या खाल्ल्या, घरी पक्का नंबर पडेपर्यंत दगडाला चिकटवायच्या त्या. मी दगडावर वाळत ठेवल्या होत्या, तिने एक ते पन्नास ओळीने खाल्ल्या. तू इतकी हसलीस की तुला उभं राहवेना. मोडक्या बांधापाशी एक सपाट खडक आहे, त्यावर बसलीस आणि उचकी लागेपर्यंत हसत होतीस. मला हसू येत होतं, पण माझ्याच चिठ्ठ्या ना, म्हणून मी तोंड फिरवलं आणि खाली बघितलं. तर बुटाशेजारी ही." ते सांगत होते आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं, कारण यातलं काहीही त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. "मग आपण एक संत्रं खाल्लं. तू शाळेत असताना नाटकात राजा झाली होतीस ते सांगितलंस. मिशी गळून पडली तेही. धरणाच्या रस्त्याने गेलं की मैलाच्या आठव्या दगडाशी उतार आहे, तिथून खाली तो ओढा. निळी फुलं होती झुडपाला."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हे सगळं तुमच्या लक्षात आहे?"

"हो."

"मग इतक्या दिवसांत कधी बोलला नाहीत ते!"

"कुठल्या रकान्यात बोलणार?" आवकराव म्हणाले.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, आणि लगेच त्यांना सगळं आठवलं. बांध आठवला, खडक आठवला, शेळीचा रंगसुद्धा आठवला. "ओढ्याचा डावा काठ," त्या म्हणाल्या.

"उजवा."

"डावा! मी बसले होते त्या खडकावर, मला नाही कळणार?"

शुक्रवारी सकाळी मॅडम कार्डाचा मजकूर घेत होत्या. ठिकाण लिहून झालं, काठाचा वाद त्यांनी 'ओढ्याकाठी' असं लिहून मिटवला. मग त्यांनी विचारलं, "संग्राहक म्हणून काय नाव घालू?" हा प्रश्न आवकरावांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा स्वतःला विचारून ठेवला होता आणि उत्तरही घोटून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आधी बायकोचं नाव सांगितलं. पूर्ण, माहेरच्या नावासकट. मग आपलं. सांगून झाल्यावर छातीत काहीतरी दुखेल असं त्यांना वाटलं होतं, पण दुखलं नाही. उलट फार मोकळं वाटलं.

दालन उघडलं त्या दिवशी दोघं गेली. मधोमध काचेची पेटी, पेटीत शहाण्णव नंबर, वरून पडणारा मंद उजेड. आजूबाजूला माणसं थांबून बघत होती. एक बाई आपल्या सासूला कार्ड वाचून दाखवत होत्या आणि त्यात ती दोन नावं मोठ्याने आली. आवकरावांना भरून आलं. वहिनी काचेला नाक लावून तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मग सरळ झाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"काय झालं?"

"काही नाही हो. सकाळपासून इतकं छान चाललंय सगळं. एक शब्द वाकडा नाही. म्हणजे हा दिवस माझ्या काही लक्षात राहायचा नाही."

आवकरावांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी घसा खाकरला आणि ते भरल्या दालनात, सगळ्यांच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "काठ उजवाच होता. हिला डावं-उजवं कळतच नाही!"

वहिनी गर्रकन वळल्या. पेटीजवळची माणसं मागे सरली आणि पहारेकरी खुर्चीवरून उठून त्यांच्याकडे यायला निघाला. वहिनींनी कमरेवर हात ठेवले आणि आवकरावांना अगदी पहिल्या टेकडीपासून सुनवायला सुरुवात केली. आवकराव शांतपणे ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि तळहातावर लिहून घेतलं : अकरा वाजून वीस मिनिटं. शेरा : उत्तम.